न्यायवैद्यक अहवालाची भाषा

साहित्याच्या अध्यापकांनी न्यायवैद्यकशास्त्राविषयी लिहावे, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातील वैद्यकीय अहवाल ही अखेर एक संहिताच असते. ती कोणी तरी रचतो, कोणी तरी वाचतो आणि त्या वाचनावर एका स्त्रीचा शब्द खरा की खोटा हे ठरते. संहिता कशी वाचावी, हे शिकवणे तर आमचे रोजचेच काम आहे.

मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून तो खटला पुढे देशभर गाजला. दुसऱ्या दिवशी झालेल्या तपासणीत तीन नोंदी होत्या: अंगावर जखम नाही, कौमार्यपटल पूर्वीच फाटलेले आहे, दोन बोटे सहज आत जातात. नागपूर खंडपीठाने आरोपी पोलिसांना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली. जखमा नाहीत, यावरून प्रतिकार नव्हता असे अनुमान काढले. पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे या दोन क्रियांतील फरक त्यात ज्या नेमकेपणाने दाखवला आहे, तो पाहता आम्ही त्या पत्रास समीक्षेचा उत्तम नमुना मानतो. (वसुधाताई या कादंबरीकार गीता साने यांच्या कन्या. हे मराठीच्या विद्यार्थ्यांना आता मुद्दाम सांगावे लागते.)

'कौमार्यपटल' हा शब्दच पाहा. एका पातळ त्वचेला नाव देताना आपण त्या नावातच स्त्रीच्या चारित्र्याचा निवाडा करून टाकला आहे. खेळण्याने, कष्टाच्या कामाने वा अन्य कारणाने ते फाटू शकते आणि संबंधानंतरही अखंड राहू शकते. म्हणजे या शब्दाने जे सुचवायचे, ते तो अवयव सांगूच शकत नाही. 'सरावलेली' हा अहवालांतला दुसरा शब्द. तो तर वैद्यकाचा नव्हेच, चावडीवरच्या कुजबुजीचा आहे.

शास्त्र काय सांगते? बलात्काराच्या सुमारे एकतृतीयांश घटनांतच जखमा आढळतात आणि जखम नसणे म्हणजे संमती नव्हे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे. भीतीने गोठलेले शरीर झुंजत नाही. तपासणीला उशीर झाला तर लहान जखमा भरूनही येतात. जीव जातो तेव्हासुद्धा मृत्यूचे कारण बहुधा अन्यत्र सापडते: गळा आवळणे, नाकतोंड दाबणे, डोक्यावरील आघात, भाजणे. तरीही तपासणाऱ्याची दृष्टी योनीवरच खिळून राहते.

जिवंतपणी नाकारलेला स्त्रीचा शब्द ती गेल्यावर तरी मानला जाईल, असे वाटते. कायदाही मृत्युपूर्व जबानीला मोठे मोल देतो. झारखंडमधील एका खटल्याने मात्र हा समजही डळमळतो. नोव्हेंबर २००४ मध्ये घरात शिरून एका मुलीवर बलात्कार करण्यात आला आणि रॉकेल ओतून तिला पेटवण्यात आले. देवघरच्या रुग्णालयात तिने आपली जबानी दिली. डिसेंबरमध्ये भाजल्याच्या जखमांतील जंतुसंसर्गाने ती दगावली. परंतु त्याआधी, ती जळालेल्या अवस्थेत असताना, वैद्यकीय मंडळाने तिची 'दोन बोटांची चाचणी' केली होती आणि संबंधाची खूण आढळली नाही असे मत दिले होते. आरोपीच्या बाजूने याच मताचा आधार घेण्यात आला. उच्च न्यायालयाने २०१८ साली आरोपीस निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला, मुलीची जबानी ग्राह्य धरली आणि अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले. मरणाऱ्या मुलीचे वाक्य आणि तिच्या देहाविषयी इतरांनी लिहिलेले वाक्य यांत कोणते खरे, हे ठरण्यास अठरा वर्षे लागली.

त्याच निकालात वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून पाहण्याचाही आदेश आहे, आणि आम्हांस तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० सालीच या तपासण्यांच्या दर्जाविषयी विस्तृत अहवाल सिद्ध केला होता. त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिकाही झाली. पाठ्यपुस्तकांतील कौमार्याच्या 'लक्षणां'ना शास्त्रीय आधार नाही, हे ते सातत्याने मांडत आले. आणि तरीही ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जो अभ्यासक्रम प्रसृत केला, त्यात कौमार्य आणि कौमार्यभंग यांच्या व्याख्या पुन्हा अवतरल्या. टीका झाल्यावर अवघ्या काही दिवसांत आयोगाने तो मागे घेतला, हे खरे. पण तो लिहिणाऱ्या हातांना त्यात काही खटकले नसावे. जुन्या अभ्यासक्रमावरून नवा उतरवून काढण्याची रीत आम्हां अभ्यासमंडळांवर बसणाऱ्यांना चांगलीच परिचित आहे.

एम. ए. च्या वर्गात आम्ही 'भाषा आणि लिंगभाव' शिकवतो तेव्हा उदाहरणे बहुतेक कथा-कादंबऱ्यांतून येतात. झारखंड प्रकरणाचे निकालपत्र आंतरजालावर कोणालाही वाचता येते. मथुरेच्या निकालाशेजारी ते ठेवून दोन तास वर्गात वाचायला विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही.