सहा वर्षे नकोत!

1 ऑगस्ट 1834 रोजी त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात गव्हर्नर सर जॉर्ज हिल यांच्यासमोर जमलेले लोक आभार मानायला आले नव्हते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपवणारा कायदा त्याच दिवशी अमलात आला होता. मळ्यांवरून चालत आलेल्या त्या गर्दीत म्हातारी माणसे बरीच होती. गव्हर्नर त्यांना नवा कायदा समजावून सांगत होते: तुम्ही आता गुलाम नाही, पण शेतावर राबणाऱ्यांनी आणखी सहा वर्षे त्याच मालकाकडे ‘उमेदवारी’ करायची आहे. गर्दीने त्यांना पुढे बोलू दिले नाही. ‘सहा वर्षे नकोत’ असा घोष फ्रेंच वळणाच्या बोलीत सुरू झाला आणि गव्हर्नरांचा आवाज त्यात बुडाला. पुढचे काही दिवस निदर्शने चालूच राहिली. धरपकड झाली, फटक्यांच्या शिक्षा झाल्या, तरी लोक पुन्हा पुन्हा शहरात येत राहिले.

ब्रिटिश वसाहतीत फ्रेंच घोषणा कशी, हा प्रश्न साहजिक आहे. त्रिनिदाद 1797 पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते. ओसाड बेट वसवण्यासाठी स्पेनने 1783 मध्ये कॅथलिक मळेवाल्यांना जमिनी देऊ केल्या. त्यामुळे आसपासच्या बेटांवरून फ्रेंच मालक आपले गुलाम घेऊन तेथे आले. ब्रिटिशांनी बेट जिंकले तेव्हा मालक फ्रेंच बोलत होते आणि गुलामांनी त्या भाषेची स्वतःची बोली घडवली होती. इंग्रज सरकारला पहिला नकार मिळाला तो त्याच बोलीत.

आज 1 ऑगस्टला त्याच शहरात निघणारी मिरवणूक मला या नकाराचीच वारसदार वाटते. ढोलांच्या गजरात, आफ्रिकी वस्त्रे ल्यालेले हजारो लोक शहराच्या मध्यभागातून क्वीन्स पार्क सवाना या विस्तीर्ण मैदानाकडे चालत जातात. उंच काठ्यांवर तोल सावरत चालणारे ‘मोको जंबी’ त्यांच्या डोक्यांवरून डोलत जातात. मैदानात त्या दिवसांत जणू एक गावच उभे राहते. तिथे व्याख्याने होतात, खाद्यपदार्थांची दुकाने लागतात, मुलांसाठी ढोलवादनाचे वर्ग भरतात आणि पूर्वजांच्या नावाने पाणी सोडले जाते. रात्री मशालींची मिरवणूक निघते. पर्यटन खात्याच्या पत्रकात हा रंगीबेरंगी सोहळा ठरतो. त्यामागे दोनशे वर्षांचे भांडण आहे, आणि ते भांडण समजून घेतल्याशिवाय या ढोलांचा अर्थ लागत नाही.

भांडणाची सुरुवात पैशापासून होते. ब्रिटिश संसदेने 1833 च्या कायद्यात नुकसानभरपाईसाठी 2 कोटी पौंडांची तरतूद केली. ही रक्कम सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे 40 टक्के होती. भरपाई मिळाली मालकांना. सुमारे 8 लाख माणसांची किंमत वसाहतवार ठरवण्यात आली. त्रिनिदाद आणि ब्रिटिश गियाना इथली जमीन नवी आणि मजूर कमी, म्हणून तिथल्या माणसाचा भाव जमैकातल्या माणसाच्या दुपटीहून अधिक धरला गेला. ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्यांना एक शिलिंगही मिळाला नाही. उलट त्यांनी आठवड्याला 45 तासांपर्यंत फुकट राबून भरपाईत आपलाही वाटा घालायचा होता. उमेदवारीचा अर्थ हाच. ताबडतोब मोकळी झाली ती फक्त सहा वर्षांखालची मुले. अँटिग्वा आणि बर्म्युडा या वसाहतींनी उमेदवारीचा टप्पाच गाळला. इतरत्र मालकांनी तो हट्टाने लावून धरला.

तरीही इंग्लंडमधील शालेय इतिहासात ही कथा दीर्घकाळ गुलामगिरीविरोधी खासदार विल्बरफोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सत्कार्याची म्हणून सांगितली गेली. तिला पहिला जोरदार धक्का दिला तो त्रिनिदादच्याच दोन सुपुत्रांनी. सी. एल. आर. जेम्स यांनी 1938 मध्ये ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ लिहून हैतीची क्रांती जगासमोर ठेवली. 1791 मध्ये उठाव करून 1804 मध्ये स्वतंत्र राष्ट्र उभारणारे गुलाम त्या ग्रंथात इतिहासाचे कर्ते म्हणून उभे राहतात. पुढे त्रिनिदाद आणि टोबॅगोचे पहिले पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी 1944 मध्ये ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ मधून दाखवले, की गुलामांच्या श्रमाने ब्रिटिश उद्योगाला भांडवल पुरवले आणि मळ्यांचा फायदा ओसरू लागला तेव्हाच मुक्तीचे नैतिक युक्तिवाद संसदेत वजनदार ठरले. विल्यम्स यांच्या आर्थिक गणितावर इतिहासकार आजही वाद घालतात. मला त्या दोघांत जेम्स अधिक पटतात. साखरेचा भाव कोसळला म्हणून मालक गुलाम सोडत नाही, तो त्यांना अधिक पिळतो. सोडण्याची पाळी येते ती माणसे आवरेनाशी झाली म्हणून. बार्बाडोसमध्ये 1816 चा बुसाचा उठाव झाला, ब्रिटिश गियानातील डेमरारामध्ये 1823 मध्ये हजारो गुलाम उठले, आणि 1831 च्या नाताळात जमैकात सॅम्युएल शार्प या बाप्टिस्ट उपदेशकाने पुकारलेला संप पाहता पाहता बंड झाला. शार्पला 23 मे 1832 रोजी फाशी दिली. त्याच्याआधी आणि नंतर तीनशेहून अधिक लोकांना मारण्यात आले. संसदेने कायदा केला तो त्यानंतर वर्षभराने. हा क्रम योगायोगाचा मानायला मी तयार नाही.

उमेदवारीही सहा वर्षे टिकली नाही. मळ्यांवरचा असहकार, जमैकाच्या तुरुंगांतील ट्रेडमिलवर होणाऱ्या छळाच्या बातम्या आणि इंग्लंडमधील चळवळ या सगळ्यांनी मिळून ती 1 ऑगस्ट 1838 रोजी संपवली. आदल्या मध्यरात्री जमैकातील फॅल्मथ गावात पाद्री विल्यम निब यांच्या चर्चमध्ये लोकांनी साखळी, चाबूक आणि गळ्यातले लोखंडी कडे शवपेटीत घालून पुरले.

याच 1838 सालात आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट घडली. जॉन ग्लॅडस्टन हे लिव्हरपूलचे व्यापारी, डेमरारातील मोठे मळेवाले आणि ब्रिटनच्या भावी पंतप्रधानांचे वडील. गुलामांच्या मोबदल्यात त्यांनी 1 लाख पौंडांहून अधिक भरपाई घेतली होती. मोकळे झालेले लोक आता मजुरी मागणार, भाव करणार, काम सोडून जाणार, हे ओळखून त्यांनी कलकत्त्याहून मजूर मागवले. ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे 5 मे 1838 रोजी ब्रिटिश गियानात पोचली. मुक्तीला तीन महिनेही उरले नव्हते. त्रिनिदादमध्ये पहिले जहाज ‘फातेल रझाक’ 30 मे 1845 रोजी 225 भारतीय घेऊन आले आणि 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार भारतीय तिथे नेण्यात आले. त्यांनी भोगलेले हाल खरे आहेत, आणि त्यांना आणण्याचा हेतूही तितकाच खरा आहे: मुक्त झालेल्या आफ्रिकी माणसाने मजुरीचा भाव वाढवू नये. दोन लुबाडलेल्या समाजांना एकमेकांसमोर उभे करण्याचे हे काम इतके पक्के झाले, की त्रिनिदादच्या निवडणुकांत त्याची सावली आजही पडते.

सत्तेने मात्र दोघांना एकाच काठीने झोडपले. मुक्तीनंतर मोकळे लोक 1 ऑगस्टला ऊस पेटल्याच्या रात्रींचे सोंग काढत. मळ्यात आग लागली की गुलामांना चाबकाने हाकत विझवायला नेत, त्याची ती ढोल-मशालींची नक्कल. हेच ‘कॅनबुले’ नंतर कार्निव्हलच्या पहाटे निघू लागले. 1881 मध्ये पोलिसांनी ते बंद पाडायचा प्रयत्न केला तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये दंगल झाली. 1884 मध्ये सरकारने कायद्यानेच मशाली, ढोल आणि काठीवाल्यांचे जमाव यांवर बंदी घातली. त्याच वर्षी भारतीय मजुरांच्या मोहरमच्या ताबुतांच्या मिरवणुकीला, जिला तिथे ‘होसे’ म्हणतात, शहरात यायला मनाई झाली. मिरवणुकीत मुसलमानांबरोबर हिंदूही असत. 30 ऑक्टोबर 1884 रोजी सान फर्नांडोच्या वेशीवर ती आली तेव्हा तिच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अनेक मेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. आफ्रिकी ढोल आणि भारतीय ताशा एकाच वर्षी गुन्हा ठरले, ही गोष्ट दोन्ही समाजांच्या मुलांना शाळेत शिकवली गेली पाहिजे.

1 ऑगस्टला जो आफ्रिकी वारसा साजरा होतो तो कुणी संग्रहालयातून काढून आणलेला नाही. तो कायद्याने मना केलेला आणि तरीही जपलेला वारसा आहे. मुक्तीनंतरच्या तीसएक वर्षांत ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले काही हजार आफ्रिकी त्रिनिदादमध्ये आले. त्यांतल्या योरुबा लोकांनी ओरिशा देवतांची उपासना तिथे रुजवली. आफ्रिकी आणि ख्रिस्ती भक्तीचा मिलाफ करणाऱ्या ‘शाउटर’ बाप्टिस्टांच्या प्रार्थनेवर 1917 मध्ये बंदी आली आणि ती 1951 पर्यंत टिकली. गुलामगिरी संपून जवळजवळ शंभर वर्षे झाल्यावरही घंटा वाजवून, मोठ्याने देवाला हाक मारल्याबद्दल माणसे तुरुंगात जात होती. ढोल हिरावले तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला, बांबूंनाही अटकाव झाला तेव्हा डबे आणि पिंपे ठोकली, आणि त्यातून 1940 च्या आसपास स्टीलपॅन जन्मले. आज ते देशाचे राष्ट्रीय वाद्य आहे.

इतके असूनही स्वतंत्र त्रिनिदादला हा दिवस लगेच आठवला नाही. 1962 मध्ये स्वातंत्र्य मिळाले, तरी ऑगस्टच्या सुरुवातीची सार्वजनिक सुट्टी कोलंबसच्या नावाने चालू राहिली, कारण त्याला 31 जुलै 1498 रोजी हे बेट दिसले होते. जमैकाने तर 1962 मध्ये स्वातंत्र्यदिनासाठी मुक्तिदिनाची सुट्टी रद्द केली आणि ती 1997 मध्ये परत आणली. नव्या राष्ट्रांना झेंडा हवा होता, साखळीची आठवण नको होती. त्रिनिदादमध्ये ती भूल मोडली 1970 च्या ‘ब्लॅक पॉवर’ चळवळीने. त्या वर्षी 12 मार्चला हजारो आफ्रिकी तरुण राजधानीतून भारतीय ऊसकामगारांच्या कारोनी भागापर्यंत चालत गेले. ‘भारतीय आणि आफ्रिकी एक व्हा’ हे त्यांचे मागणे होते. सरकारने आणीबाणी पुकारली आणि नेते तुरुंगात गेले. पण त्या पिढीनेच पुढे 1 ऑगस्टचा आग्रह धरला. 1985 मध्ये कोलंबसची सुट्टी गेली आणि मुक्तिदिन आला. असा दिवस राष्ट्रीय सुट्टी म्हणून जाहीर करणारा त्रिनिदाद आणि टोबॅगो हा पहिला स्वतंत्र देश मानला जातो.

तिथे 30 मे हा भारतीय आगमन दिनही राष्ट्रीय सुट्टीचा असतो. प्रत्येक समाजाने आपापला दिवस पाळावा आणि दुसऱ्याच्या दिवशी घरी बसावे, अशी सवय दोन्हीकडे आहे. ही सवय मळेवाल्यांच्या हिशेबाला पुरेपूर साजेशी आहे, म्हणून मला ती खटकते. मॉरिशसची गोष्ट इथे आठवते. तिथे गुलामगिरी 1 फेब्रुवारी 1835 रोजी संपायची होती आणि 2 नोव्हेंबर 1834 लाच ‘ॲटलस’ जहाजातून 36 भारतीय मजूर उतरले. दोन्ही तारखा आज तिथे राष्ट्रीय आहेत. पुढच्या दशकांत मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणी-मराठी मजुरांचे वंशज तिथे गणेशचतुर्थी साजरी करतात आणि तिचीही सुट्टी असते. ज्या जागा भरायला आपली माणसे नेली, त्या गुलामगिरी संपल्याने रिकाम्या झालेल्या होत्या, हे मराठी घरांतून फारसे बोलले जात नाही.

महात्मा फुल्यांना मात्र हा धागा दिसला होता. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. समुद्रापलीकडच्या मळ्यावरचा काळा माणूस आणि पुण्याजवळच्या खेड्यातला शूद्र शेतकरी यांचे दुःख एका पंक्तीला बसवणारा तो ग्रंथ होता. त्यांनी ज्यांचे आभार मानले त्यांचा वाटा मोठाच. फुल्यांच्या नंतरच्या दीडशे वर्षांच्या संशोधनाने त्या अर्पणपत्रिकेत बुसा, शार्प आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या म्हाताऱ्यांची नावे जोडण्याचे काम आपल्यावर सोपवले आहे.

भरपाईचे भांडण अजून मिटलेले नाही. कॅरिबियन देशांनी 2013 मध्ये भरपाईसाठी आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी दहा कलमी मागणी मांडली. तिचे पहिले कलम पैशाचे नाही, पूर्ण आणि औपचारिक माफीचे आहे. मालकांना दिलेल्या 2 कोटी पौंडांसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने 2015 मध्ये फेडला. तोपर्यंत ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले गुलामांचे वंशजही करातून ते फेडत होते. औपचारिक माफी अजून मागितलेली नाही.