तेरची गोल भिंत

धर्मांची तुलना करायला बसलं, की आपण आधी रकाने आखतो. संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, देव किती, वय किती. यहुदी, वैदिक ब्राह्मणी आणि कन्फ्यूशियसची परंपरा या रकान्यांत बसवून पाहा. वैदिकांना संस्थापकच नाही. कन्फ्यूशियसकडे देवापेक्षा आईबाप, पूर्वज आणि त्यांच्याशी वागायची रीत मोठी. निम्मे रकाने रिकामे राहतात आणि शेवटी एकच वाद उरतो: जुनं कोण? व्यासपीठावर तोच गाजतो. मला तो अगदी निरुपयोगी वाटतो.

धाराशिवच्या माणसाला याहून बरा प्रश्न घराजवळच सापडतो. गोरोबाकाकांचं तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून त्याची नोंद आहे. इथलं कापड भडोच बंदरात जात असे. या गावातल्या त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळात जाल, तेव्हा मंडपात शिरण्याआधी मागच्या बाजूला जा. भिंत कोपरा न घेता गोल वळते, वर हत्तीच्या पाठीसारखं छत. कार्ले-भाजेची बौद्ध लेणी पाहिलेल्याला ओळख पटायला वेळ लागत नाही. हे मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेची वास्तू, असं हेन्री कझिन्स यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडलं. स्तूपाच्या त्या वास्तूत आज पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे. हे मोकळेपणाने सांगावं. लपवल्याने देवाचा मान वाढत नाही. आणि पूजा चालू राहिली म्हणून विटा राहिल्या, हेही मला तितकंच खरं वाटतं.

तेव्हा विचारायचं ते हे: जागा हातची गेली, तेव्हा कुणी काय जपलं? तगरचं कापड समुद्रापार जात होतं त्याच शतकात, इ.स. 70 मध्ये, रोमन सैन्याने यहुद्यांचं जेरुसलेमचं मंदिर पाडलं. बळी थांबले, पुरोहितांचं काम संपलं. ग्रंथ, प्रार्थना आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, राहिले. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांना तर कित्येक पिढ्या ग्रंथाचा आणि धर्मगुरूचाही आधार नव्हता. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचा, ही चाल त्यांनी सोडली नाही. गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर उभं राहिलं ते 1796 मध्ये.

वैदिकांची मूळची उपासना देवळाशिवायचीच. यज्ञाची वेदी रचायची, काम झालं की सोडून द्यायची. टिकलं ते स्वरासकट पाठांतर. पण ते मोजक्या घरांत कोंडलं गेलं, बाकीच्यांच्या कानांना बंदी झाली. या परंपरेची तुलना करताना हा हिशेब वगळणं अप्रामाणिकपणाचं आहे. चीनमध्ये 1966 साली रेड गार्डांनी कन्फ्यूशियसची कबर उद्ध्वस्त केली, तरी वसंतात पूर्वजांच्या कबरी झाडून त्यांना अन्न वाहायची रीत आजही चालू आहे.

बौद्ध उपासक स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरत. तेरला आलेली बाईही देवाला उजव्या हाताला ठेवूनच प्रदक्षिणा घालते. मागे भिंतीला कोपरा नाही, त्यामुळे वळताना तिचं पाऊल थबकत नाही.