जुळ्या कोकरांचा प्रश्न

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीवर जे कार्य केले आहे, त्याची शहरातील सुशिक्षित समाजाने घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या संस्थेपुढील प्रश्न दिसण्यात साधा होता. दख्खनी मेंढी काटक खरी, उन्हातान्हात कोसच्या कोस चालणारी खरी. परंतु एका वितास तिला बहुधा एकच कोकरू होते. जाड लोकरीला आता भाव उरलेला नाही. धनगराचा संसार चालतो तो कोकरांच्या विक्रीवर. चराऊ राने दिवसेंदिवस आक्रसत असल्याने कळप वाढविण्यास वाव नाही. तेव्हा आहेत तेवढ्याच मेंढ्यांपासून अधिक कोकरे मिळावीत, हाच मार्ग उरतो.

बंगालच्या सुंदरबनातील गरोळ ही मेंढी अंगाने लहान, परंतु जुळी-तिळी देणारी. तिच्या या गुणाचे मूळ ‘फेकबी’ नामक एकाच जनुकात आहे आणि ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनो मेंढीतही तेच जनुक आढळते. २००१ साली त्यातील नेमका बदल शास्त्रज्ञांना सापडला आणि रक्ताच्या थेंबावरून नर पारखणे शक्य झाले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व ऑस्ट्रेलियन संशोधक यांच्या सहकार्याने ते जनुक दख्खनी मेंढीत उतरविण्यात आले. ‘नारी सुवर्णा’ हे त्याचे फळ होय.

आम्हांस या कार्याचे विशेष मोल वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. संस्थेने आपले निष्कर्ष स्वतःच्या गोठ्यापुरते न ठेवता ते धनगरांच्या चालत्या कळपांत तपासून पाहिले. जनुकाची एक प्रत असली तर अनेकदा जुळी होतात; दोन प्रती असल्या तर तिळ्यांचे प्रमाण वाढते आणि अशक्त कोकरे दगावण्याची भीती असते. म्हणजे जितके अधिक तितके उत्तम, हा हिशेब येथे चुकीचा ठरतो. बारीक लोकरीच्या परदेशी मेंढ्यांशी संकर करण्याचे जे प्रयत्न पूर्वी झाले, ते दख्खनच्या मेंढपाळांत रुजले नाहीत. कारण त्यांत मेंढीचा विचार झाला, तिच्यामागून चालणाऱ्या माणसाचा झाला नाही.

परंतु जुळे हे आपोआप येणारे वरदान नव्हे. दोन कोकरांना पाजणाऱ्या आईस अधिक चारा व थोडा खुराक लागतो. वाड्यावरील कोवळ्या कोकरांची निगा बहुतांशी धनगर स्त्रिया राखतात. तेव्हा वाढलेल्या प्रत्येक कोकराचे कष्ट प्रथम त्यांच्याच वाट्यास येतात. हा हिशेब ज्या योजनेत मांडला जात नाही, ती योजना अपुरी म्हटली पाहिजे.

महाराष्ट्र सरकारने २०१७ साली महामेष योजना काढून वीस मेंढ्या व एक नर असा गट अनुदानावर देण्याचे ठरविले. हेतू स्तुत्य आहे. तथापि मेंढ्या वाटणे सोपे, त्यांना रान देणे कठीण. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांच्या वाटा मात्र कालवे, कुंपणे, बागायती आणि वनखात्याचे निर्बंध यांनी अडविल्या जात आहेत. ज्या शेतकऱ्याच्या रानात कळप बसतो त्यास लेंडीखत मिळते, धनगरास धान्य वा पैसा मिळतो. हा जुना परस्परोपकारही या कोंडीने मोडू पाहत आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. जातिवंत नरांची पैदास व जनुकतपासणी यांस सरकारने दीर्घ मुदतीचे साहाय्य द्यावे, कारण मेंढीच्या पिढ्या आर्थिक वर्षाच्या हिशेबाने वाढत नाहीत. आंत्रविषारासारख्या रोगांची लस कळपाच्या वाटेवरच मिळावी. आणि चराईच्या वाटा व मुक्कामाच्या जागा धनगरांना विचारून निश्चित व सुरक्षित कराव्यात.

शास्त्राने आपले काम पुष्कळसे केले आहे. जुळी कोकरे जन्मास घालणे त्यास साधले. त्यांना चरावयास माळ ठेवणे हे मात्र शासनाचे आणि समाजाचे काम आहे. ते न झाले, तर दुसरे कोकरू ही धनगराची मिळकत न ठरता आणखी एक चिंता ठरेल.