पट्टीतला १ आणि ९

परवा भाची हिंजवडीत एआय इंजिनिअरची मुलाखत देऊन आली. जाहिरात फ्रेशरसाठी, अट मात्र २ वर्षांच्या अनुभवाची! तिच्या कोर्सच्या प्रमाणपत्रांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाऊण तास चर्चा झाली ती तिच्या छोट्या प्रोग्रॅमवर. लासलगावच्या अडत्याने तिच्या बाबांना दिलेल्या कांदाविक्रीच्या हिशेबाच्या हस्तलिखित पट्ट्या तो वाचतो. मुलाखत घेणाऱ्यांचा प्रश्न होता: १ आणि ९ मध्ये तो कुठे फसतो, किती वेळा, हे तू कसं मोजलंस? मंडळी, माझं मत पक्कं आहे: ट्रान्सफॉर्मर या एआय मॉडेलची रचना २०१७ पासून जगासमोर उघडी आहे, ती घोकलेले पुण्यात पैशाला पासरी. आपल्याच प्रोग्रॅमची चूक चिकाटीने मोजणाऱ्यालाच आधी घ्यायला हवं. निकाल यायचाय; तिने मात्र रात्रीच बाबांकडून आणखी पट्ट्यांचे फोटो मागवलेत.