मूळपदावर आणताना

‘गाडी पुन्हा मूळपदावर आली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात कौतुक क्वचितच असते. सुधारलेला माणूस जुन्या खोडीवर गेला की हा वाक्प्रचार ओठांवर येतो. यंत्रांच्या बाबतीत मात्र मूळपदाला आपण भलतीच प्रतिष्ठा देऊन ठेवली आहे. गाणी ऐकण्याचे खिशातले यंत्र अडखळू लागले, मध्येच मुके झाले, की वणीच्या बाजारापासून मुंबईपर्यंत सल्ला एकच: ‘फॅक्टरी रिसेट मारा, नव्यासारखे होईल!’ नव्यासारखे होते, हे खरेच आहे. पण नव्या यंत्रात आपले असे काय असते? हा साधा प्रश्न न विचारता आपण बटण दाबतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे मूळपद म्हणजे काय ते पाहू. ‘रिसेट’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपून जातात. पहिली, अडकलेले यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे. २००१ साली आलेल्या आणि २०२२ साली उत्पादन थांबलेल्या आयपॉडचेच उदाहरण घ्या. त्याच्या चक्राच्या नमुन्यांत ‘मेनू’ आणि मधले बटण काही सेकंद एकत्र दाबून धरले की यंत्र नव्याने सुरू होते. गाण्यांना धक्का लागत नाही. दुसरी गोष्ट, केवळ मांडणी पूर्ववत करणे: भाषा, घड्याळ, आवाजाची पट्टी. तिसरी म्हणजे यंत्रातील सारा साठा पुसून ते कारखान्यातून निघाले त्या स्थितीला नेणे. संगणकाला जोडून आयपॉड ‘रिस्टोअर’ केला की त्यातली सगळी गाणी जातात आणि यंत्राची कार्यप्रणाली नव्याने भरली जाते. नावे यंत्रागणिक बदलतात. एका यंत्रात ‘रिसेट’ म्हणजे नुसती मांडणी, तर दुसऱ्यात सर्व साठा साफ! पुष्कळदा दुखणे पहिल्या उपायाने बरे होणारे असते आणि आपण तिसरा उपाय योजतो. डोके दुखते म्हणून शिर उतरवण्यातलाच हा प्रकार.

वास्तविक, पुसले जाण्याची भीती काही नवी नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ध्वनिफितीची कॅसेट आणली, तेव्हाच तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण करून जुने पुसता येत होते. पण कॅसेट करणाऱ्यांनी एक शहाणपण दाखवले होते. तिच्या मागच्या कडेला, दोन्ही बाजूंसाठी एकेक, अशा प्लॅस्टिकच्या दोन लहान टिकल्या असत. जपून ठेवायच्या कॅसेटची टिकली मोडून टाकायची. मग ध्वनिमुद्रणाचे बटण दाबलेच जात नसे. पुढे विचार बदललाच, तर त्या भोकावर चिकटपट्टी लावून पुन्हा मुद्रण करता येई. म्हणजे पुसायचे झाले तर माणसाला उठून, चिकटपट्टी शोधून, विचार करून पुसावे लागे. आजच्या यंत्रात त्या टिकलीच्या जागी ‘नक्की पुसायचे का?’ असा एक प्रश्न उरला आहे, आणि त्याला ‘होय’ म्हणायला क्षणही लागत नाही. सोय वाढली, विचाराला मिळणारी उसंत मात्र गेली.

कोणी म्हणेल, मूळ रूपाकडे जाण्यात वाईट ते काय? आपल्या डोळ्यांसमोरच एक उदाहरण आहे. २०२२ साली सप्तशृंग गडावर देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर काढण्यात आले. त्या कामासाठी मंदिर काही काळ दर्शनास बंद होते, आणि त्या वर्षीच्या नवरात्रात भाविकांनी अष्टादशभुजा भगवतीचे मूळ रूप पाहिले. हेही मूळपदावर आणणेच नव्हे काय? आहे, परंतु दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गडावर थरांखाली कोणा शिल्पकाराच्या हातांनी घडवलेले रूप होते, आणि त्याला इजा होऊ नये म्हणून थर काळजीपूर्वक उतरवावे लागले. आपल्या यंत्रात थरांखाली काय आहे? रिकामी जागा. तिथे वरचा थर हाच ऐवज आहे. कारखान्याने दिले ते यंत्राचे मूळ. आपण भरले ते आपले. हा भेद ज्याला कळला, त्याचा हात बटणाजवळ जाऊन क्षणभर तरी थबकेल.

अर्थात, सगळेच जपून ठेवावे असा हट्ट नाही. यंत्र विकायचे असेल किंवा परक्या हाती द्यायचे असेल, तर ते पुसलेच पाहिजे. आपले खासगी आवाज दुसऱ्याच्या खिशात जाणे शहाणपणाचे नाही. बाजारात मिळणारी सिनेमाची गाणी गेली, तर तीही पुन्हा मिळतील. २०१७ साली आलेल्या ‘कारवाँ’ या यंत्रात तर जुनी ५००० गाणी कारखान्यातूनच भरलेली येतात. जे एकाकडून गेले तरी हजारांकडे आहे, त्याचा शोक कशाला?

प्रश्न आहे तो ज्याची दुसरी प्रत नाही त्याचा. आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आणि नातवाने त्या सहज टिपून घेतल्या. मामाच्या लग्नात बायकांनी हळदीची गाणी म्हटली. चैत्रात खानदेशातून पायी गडावर येणाऱ्यांनी वाटेत आदिमायेची गाणी गायली. ही गाणी कोणत्या कंपनीच्या यादीत सापडणार? गावोगाव पिठाची गिरणी आली आणि जाती मुकी झाली. तरी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अनेक वर्षे खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या लोकांपुढे येऊ लागल्या. त्यांतल्या कित्येक ओव्या तर गाणारणीच्या आवाजात ऐकताही येतात. हे काम त्यांनी केले नसते तर? मराठी बाईने शतकानुशतके स्वतःशी जे बोलून ठेवले, त्याचा केवढा भाग पुसला गेला असता! आणि तो पुसायला कोणाला बटणदेखील दाबावे लागले नसते.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयात दिंडोरी, कळवण, सुरगाण्याच्या पाड्यांवरून मुले-मुली येतात. त्यांच्या घरांतल्या बोली, त्यांच्या घरांतली गाणी वेगवेगळी आहेत. फळीवर पडलेल्या जुन्या यंत्रात, कोपऱ्यातल्या मेमरी कार्डात यांपैकी काय दडले आहे, हे पुष्कळांना ठाऊकही नसेल. म्हणून सुचवावेसे वाटते ते एवढेच. यंत्र बिघडले तर आधी नुसते बंद करून चालू करावे. कार्ड निघत असेल तर काढून ठेवावे. संगणकाला जोडून आतले उतरवून घ्यावे आणि उतरले आहे ते ऐकून पाहावे, मगच पुसावे. चुकून पुसले गेलेच, तर त्यात नवे काही भरू नये, कारण साध्या यंत्रांत नवे वर चढेपर्यंत जुने अनेकदा तसेच पडून असते आणि जाणकाराला ते परत काढता येते.

यापुढचे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. आपल्या मराठी विभागाने आणि ग्रंथालयाने मिळून एक ध्वनिसंग्रह सुरू करावा. विद्यार्थ्याने आवाज आणून द्यावा. गाणाऱ्याची संमती, गाव, बोली आणि तारीख यांची नोंद व्हावी. एक प्रत संग्रहात राहावी, एक त्याच्या घरी जावी. याला मोठा निधी लागत नाही, एक संगणक आणि एक कपाट पुरे. भाषेवर व्याख्याने ठेवण्यापेक्षा हे काम जिकिरीचे आहे खरे. पण परीक्षेसाठी लोकसाहित्य वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते नाही करायचे, तर कोणी करायचे? प्राध्यापकमंडळींनी याचा येत्या वर्षी विचार करावा, ही विनंती. घरोघरच्या आज्या काही आपल्या वार्षिक अंकासारख्या दरवर्षी नव्याने निघत नाहीत.