‘सुचत नाही’ म्हणजे काय?

वार्षिकासाठी लेख मागितला की आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, “छे, काही सुचतच नाही!” मला हे पटत नाही. वसतिगृहात रात्री गप्पा रंगल्या की याच मित्रांना गावची जत्रा, आटलेली विहीर, वडिलांचे कर्ज, सारे सुचते. कागद पुढे आला की मात्र हात थिजतो. का? कागदावर ग्रांथिक भाषाच उतरली पाहिजे, घरची बोली तिथे चालायची नाही, या धाकाने. सुचलेले आपणच दारातून परत पाठवतो आणि मग घर रिकामे म्हणून हळहळतो.

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहितावाचता येत नव्हते. घरात, शेतात राबताना त्यांनी खानदेशी बोलीत गाणी रचली; घरच्यांनी टिपून ठेवलेल्या त्या गाण्यांचे १९५२ साली पुस्तक झाले. त्यांची प्रतिभा आपल्याला उसनी मिळणार नाही, हे कबूल. पण आपल्या बोलीची लाज न बाळगणे तर आपल्या हाती आहे! म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पहिला खर्डा आईला सांगावे तसा लिहावा. शुद्धलेखन मागाहून पाहता येते. कोऱ्या कागदात सुधारायचे तरी काय?