पात्र हाताबाहेर जात नाही

‘माझं पात्र माझ्या हाताबाहेर गेलं’ असे लिहिणारे कौतुकाने सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. ठाण्याच्या नौपाड्यात एकांकिकांच्या तालमी करणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडीही हे वाक्य बसले आहे. मला ते मान्य नाही. पात्राला स्वतःची इच्छा असते असे एकदा धरले, की फसलेला शेवटही त्याच्याच माथी मारता येतो.

टॉलस्टॉयची अ‍ॅना कॅरेनिना सुरुवातीच्या मसुद्यांत उथळ, भडक बाई होती आणि सहानुभूती होती तिच्या नवऱ्याकडे. आजची अ‍ॅना आपोआप अवतरली नाही. टॉलस्टॉयने पुन्हापुन्हा खोडून, नव्याने लिहून तिला तिथवर आणले.

आपल्याकडे तेंडुलकरांची लीला बेणारे घ्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आले. बेणारेचे शेवटचे प्रदीर्घ स्वगत तेंडुलकरांच्या मनात नव्हते, दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी हट्टाने लिहून घेतले, अशी हकीकत सांगतात. बेणारे स्वतःच बोलत सुटली असती, तर हट्ट कशाला करावा लागला असता? पण ते स्वगत उपरेही वाटत नाही. प्रयोगाच्या सभागृहात इतरांच्या आधी पोहोचलेली शिक्षिका बेणारे पहिल्या अंकात गावातल्या सामंतांशी मोकळी, तिखट बोलते, शाळेतल्या आपल्या चौकशीचाही विषय काढते. इतकी बोलकी बाई शेवटी गप्पच राहिली असती, तर पहिल्या अंकाचे देणे थकले असते. देशपांड्यांनी ते वसूल केले.

दुसरीकडे नाबोकोव्ह. त्याच्या लेखी पात्रे म्हणजे वल्ह्यांना जुंपलेले गुलाम. शिस्त म्हणून हे आवडते, पण तेही अपुरे आहे. लेखक मालक खरा, मात्र स्वतः लिहिलेल्या तपशिलाने तोही बांधला जातो.

माझ्या एका कथेत गोखले रस्त्यामागच्या जुन्या इमारतीतल्या एक विधवा बाई आहेत. पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर त्या शेवटपर्यंत सही करणार नाहीत, असा बेत होता. आठवणी, जुने घर, सगळे जमून आले होते. पण दुसऱ्याच पानावर मी त्यांना भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवले होते. लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, प्रत्येक वळणावर पिशवी खाली ठेवून कठड्याला टेकायचे. ते पान खरे उतरले होते. अशा बाई सही टाळत बसतील? त्या सगळ्यांच्या आधी करतील. मी बेत मोडला, पान ठेवले.

मग संघर्ष कुठे राहिला, असे एका मित्राने विचारले. तो त्यांच्याच घरात आला. मुलाला बिल्डरकडून आणखी जागा काढायची आहे, म्हणून त्याला अडून बसायचे आहे. आईला लिफ्ट हवी आहे, तीही पाय आहेत तोवर.